वहीतले ८८ आणि गेमवरचे ९६

पत्र

ताई, गेले पाच महिने मी एक ऑनलाइन स्लॉट खेळतोय, म्हणजे चित्रांची चाकं (रील) फिरवायची आणि चित्रं जुळली की पैसे मिळतात तो खेळ; एकदा फिरवणं म्हणजे एक स्पिन. गेमच्या माहितीत आरटीपी (रिटर्न टू प्लेयर, म्हणजे लावलेल्या पैशांतला खेळणाऱ्यांना सरासरीने परत मिळणारा वाटा) ९६ टक्के लिहिलं आहे. मी मुळात हिशेबाचा माणूस, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवली. दर स्पिनला एकच रक्कम लावली, कधी कमी-जास्त केली नाही. परवा बेरीज मांडली. ६,४०० स्पिन झाले होते आणि परत आले होते फक्त ८८ टक्के. मग ही ८ टक्क्यांची चोरी झाली का? गंमत म्हणजे दर तीन-चार स्पिनला काही ना काही लागतंच, तरी शिल्लक घटत जाते. एक मन म्हणतं साइट बदलावी. दुसरं म्हणतं, आता सोडलं तर माझे राहिलेले ८ टक्के दुसऱ्या कुणाच्या पदरात पडतील, सरासरी कधीतरी भरून यायलाच हवी. आणखी एक विचारायचं होतं: रील फिरत असताना बटण दाबून थांबवली तर फरक पडतो का? वहीबद्दल बायकोला माहीत नाही.
— एक हिशेबी वाचक

उत्तर

हिशेबी वाचक, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा शेवटच्या वाक्यासाठी. दोन्हींवर लिहिणार आहे, पण तुम्ही आकड्यांपासून सुरुवात केलीत, तर मीही तिथूनच करते.

तुमच्या वहीवरून चोरी सिद्ध होत नाही. सचोटीही सिद्ध होत नाही. पाच महिने नेमाने लिहिलेल्या वहीबद्दल हे ऐकायला तुम्हाला वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. पण ६,४०० स्पिन माणसाला डोंगराएवढे वाटले तरी स्लॉटच्या गणितात ते ओंजळभरच असतात. का, ते नीट सांगते, कारण तुम्हाला पटेल ते हिशेबानेच.

आधी ९६ म्हणजे काय ते पाहू. हा आकडा कुणी खेळून, मोजून काढलेला नसतो. गेम बाजारात येण्याआधीच तो कागदावर ठरतो. जितक्या जुळण्या शक्य आहेत त्यातल्या प्रत्येकीची शक्यता घ्यायची, तिच्यावर मिळणाऱ्या रकमेने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. लावलेल्या दर १०० मागे ही बेरीज ९६ आली की आरटीपी ९६ टक्के. उरलेले ४ हे घराचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे.

चार्ल्स फे याने १८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत तीन रीलचं यंत्र बनवलं, तेव्हा हे गणित कुणालाही करता आलं असतं. रील खऱ्या होत्या, चिन्हं पाच प्रकारची होती. समजा प्रत्येक रीलवर दहा थांबे असले तर एकूण जुळण्या हजार. बोटांवर नाही, पण एका संध्याकाळी वहीवर मोजून होतील. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस याला अमेरिकेत एक पेटंट मिळालं आणि चित्र पालटलं. त्याच्या पद्धतीत रील कुठे थांबणार हे यंत्राच्या आतला यादृच्छिक आकडा ठरवतो, रील फक्त त्या आकड्याप्रमाणे जाऊन थांबते. डोळ्यांना दिसणाऱ्या वीस-बावीस थांब्यांमागे शेकडो अदृश्य थांबे लपवता येऊ लागले. एखादं चिन्ह डोळ्यांसमोरून वारंवार जातं म्हणून ते वारंवार लागेल, हा अंदाज तेव्हापासून खोटा ठरला.

ऑनलाइन गेममध्ये तर खरी रील नसतेच. तुम्ही स्पिन दाबता त्या क्षणी आकडा निघतो, निकाल लागतो, आणि मग तो निकाल दाखवण्यासाठी चित्र फिरवलं जातं. यात तुमच्या बटणाच्या प्रश्नाचं उत्तर आलंच. थांबवा दाबल्याने चित्र लवकर थांबतं, निकाल बदलत नाही. उलट वेळ वाचतो आणि तासाभरात तुमचे स्पिन वाढतात, म्हणजे नुकसान होतं ते तुमचंच.

आता तुमचे ८८. पुढच्या हिशेबासाठी एका स्पिनला तुम्ही लावता त्या रकमेला मी ‘एक डाव’ म्हणते. तुम्ही एकूण ६,४०० डाव लावले. ८८ टक्क्यांनी ५,६३२ परत आले, ७६८ गेले. गेम ९६ टक्क्यांना खरा असेल तर सरासरीने २५६ जायला हवे होते. म्हणजे अपेक्षेच्या तिप्पट गेले. कुणालाही संशय येईल.

पण स्पिन म्हणजे पगार नव्हे, दर महिन्याला ठरलेली रक्कम यायला. बहुतेक स्पिनमध्ये शून्य, काहींमध्ये अर्धा डाव, कधीतरी पाच-दहा आणि क्वचित शे-पाचशे. हा चढउतार किती आहे ते सांगणाऱ्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. मध्यम चढउताराच्या स्लॉटमध्ये दर स्पिनमागे ते दहा डावांच्या आसपास धरायला हरकत नाही. कुठे कमी असतं, तर भडक स्वभावाच्या गेममध्ये बरंच जास्त. सरासरीत किती हेलकावा येऊ शकतो हे काढायचं तर या दहाला स्पिनच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. ६,४०० चं वर्गमूळ ८०. दहा भागिले ८० म्हणजे साडेबारा टक्के.

हा साडेबारा टक्क्यांचा हेलकावा अगदी नेहमीचा. अगदी सचोटीने चाललेल्या ९६ टक्क्यांच्या गेमवर ६,४०० स्पिन खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या वहीत ८४ निघेल, कुणाच्या १०८. तुमचे ८८ त्या पट्ट्यात आरामात बसतात. ढोबळ मानाने असे चार जण घेतले, तर त्यातला एकजण तुमच्याइतका किंवा तुमच्याहून खाली असेल. त्याच्यावर अन्याय झालेला नसेल, तुमच्यावरही झालेला नसेल. आणि गेम खरोखर ९२ टक्क्यांचा असता तरी तुमची वही जवळपास अशीच दिसली असती. तुमच्या वहीला हा फरक दिसतच नाही.

मग किती स्पिनला दिसेल? हेलकावा एका टक्क्यावर आणायचा तर दहा लाख स्पिन लागतात. मिनिटाला दहा स्पिन धरले तर सोळाशे तासांहून जास्त. आणि गेम पूर्ण सचोटीचा असला तरी दहा लाख डावांवर ४ टक्के, म्हणजे ४०,००० डाव सरासरीने त्यात जाणार. गेम खरा आहे का हे तपासायची फी म्हणून! ही तपासणी घरबसल्या एका माणसाने करायची गोष्टच नाही.

ती प्रयोगशाळांनी करायची असते, आणि त्या करतातही. गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल ही संस्था १९८९ पासून हे काम करते, ईकोग्रा २००३ पासून. त्यांच्या हातात गेमचा कोड असतो. कागदावरचं गणित पुन्हा मांडलं जातं, संगणकावर कोट्यवधी फेऱ्या चालवल्या जातात, यादृच्छिक आकडे खरंच यादृच्छिक आहेत का हे संख्याशास्त्रीय कसोट्यांवर घासून पाहिलं जातं. गेम सुरू झाल्यावरही काम संपत नाही. ब्रिटनमध्ये परवानाधारकांनी प्रत्येक गेमचा प्रत्यक्ष परतावा मोजत राहायचा असतो आणि तो अपेक्षेच्या पट्ट्याबाहेर गेला तर कारण शोधायचं असतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा नियामक ऑनलाइन स्लॉटवर एकूण किती लावले गेले आणि किती परत दिले गेले, ते दर महिन्याला जाहीर करतो. अनेक खेळाडूंचे मिळून एवढे स्पिन जमा झाले की हेलकावा उरत नाही आणि आकडा जाहीर टक्केवारीच्या जवळपास येऊन बसतो. म्हणून तुमच्या मूळ शंकेला मी असं म्हणेन: खऱ्या परवान्याखाली, खऱ्या तपासणीतून गेलेल्या गेममध्ये जाहीर केलेला आरटीपी सहसा खरा असतो. तिथे चालवणाऱ्याला खोटं बोलायची गरजच नसते. ४ टक्के त्याला पुरतात.

लबाडी कधी होतच नाही असं मी म्हणत नाही. नेवाडातल्या गेमिंग नियामक मंडळाचा स्वतःचा कर्मचारी, रोनाल्ड डेल हॅरिस, स्लॉट यंत्रांमध्ये फेरफार करत होता. यंत्रं तपासणं हेच त्याचं काम होतं! १९९५ मध्ये तो सापडला, तेही त्याच्या साथीदाराला अटलांटिक सिटीत केनोचं (आकड्यांच्या सोडतीच्या खेळाचं) मोठं बक्षीस लागल्यावर संशय आला म्हणून. खेळणाऱ्या कुणाच्या वहीने त्याला पकडून दिलं नव्हतं.

इथपर्यंत तुम्ही विचारलेलं झालं. आता तुम्ही न विचारलेलं, पण गृहीत धरलेलं. तुमच्या पत्रातलं ‘माझे राहिलेले ८ टक्के’ हे वाक्य वाचून मला खरी काळजी वाटली.

ते ८ टक्के कुठेही राहिलेले नाहीत. कुठल्या खात्यात तुमच्या नावाने जमा नाहीत, यंत्राच्या पोटात अडकलेले नाहीत, आणि तुम्ही उठलात म्हणून शेजारच्याला मिळणार नाहीत. पुढच्या स्पिनला तुमच्या मागच्या ६,४०० स्पिनची आठवणच नसते. तुमच्यासाठी आणि आज पहिल्यांदा बसलेल्या माणसासाठी त्याची शक्यता अगदी एकच.

‘पण ताई, सरासरी शेवटी ९६ वर येते असं तुम्हीच म्हणालात,’ असं तुम्ही म्हणाल. येते. याकोब बर्नुलीने हे सिद्ध केलं आणि ते १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापलं गेलं. त्याला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. पण हा नियम काय म्हणतो ते बारकाईने पाहा, कारण हजारो माणसं इथेच फसतात. तुम्ही पुढे खेळत राहिलात आणि एकूण एक लाख स्पिन केलेत असं धरा. उरलेले ९३,६०० स्पिन अगदी जाहिरातीप्रमाणे, बरोब्बर ९६ टक्क्यांनी गेले असंही धरा. त्यात ३,७४४ डाव जातील. आधीचे ७६८ मिळवले की एकूण ४,५१२. आता टक्केवारी काढा: लाखातले ४,५१२ गेले, म्हणजे परतावा साडेपंचाण्णव टक्के झाला. वही म्हणेल, बघा, आलं ना ९६ जवळ! सरासरी भरून आली आणि नुकसान ७६८ वरून ४,५१२ वर गेलं.

हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा, ही माझी विनंती आहे. हवं तर स्वतः वहीत आकडे मांडून पाहा. सरासरी सुधारते ती जुना तोटा भरून निघाल्याने नव्हे. जुना तोटा आहे तिथेच राहतो, त्याच्यावर नव्या स्पिनचा एवढा ढीग पडतो की टक्केवारीत तो दिसेनासा होतो. मिठाचा खडा पाण्यात टाकून पाणी वाढवत गेलं तर खारटपणा कमी लागतो, मीठ मात्र तेवढंच असतं. इथे तर प्रत्येक तांब्यासोबत आणखी थोडं मीठ पडतंय.

‘आता लागायलाच हवं’ ही भावना तुमची एकट्याची नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल यायलाच हवा म्हणून लोक लालवर रकमा वाढवत गेले आणि प्रचंड पैसा हरले. चाकाला मागचे काळे माहीत नव्हते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘यंत्र भरलंय, आता देईल’ हा समज सगळीकडेच निराधार नाही. ब्रिटनमधल्या पबमधली फ्रूट मशीन्स, म्हणजे तिथली स्लॉट यंत्रं, बऱ्याचदा भरपाईच्या तत्त्वावर चालत आली आहेत. बराच वेळ कमी दिलं असेल तर ती नंतर जास्त देतात, म्हणजे त्यांना खरोखर आठवण असते. तिथल्या जुन्या खेळाडूंचे अनुभव तोंडोतोंडी जगभर पसरले. पण त्याच ब्रिटनमध्ये ऑनलाइन गेमसाठी ही पद्धत चालत नाही. नियमच आहे की एखादा निकाल लागण्याची शक्यता दर वेळी तीच असली पाहिजे.

आता तुमच्या वहीत न दिसणारी आणखी एक गोष्ट. ९६ टक्के सगळ्यांना सारखे वाटले जात नाहीत. नुसतं उदाहरण म्हणून असा गेम घ्या की ज्याच्या ९६ पैकी ६० छोट्या-मोठ्या बक्षिसांतून येतात, ३० बोनस राउंडमधून, आणि उरलेले ६ येतात ते लाखात एखाद्याच वेळी लागणाऱ्या महाबक्षिसातून. ज्याला ते महाबक्षीस लागलं नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला, त्याच्यापुरता तो गेम ९० टक्क्यांचाच. जाहिरातीत खोटं काही नाही. उरलेले ६ टक्के कुण्या दोघा-चौघांच्या ताटात आहेत. वाढत जाणाऱ्या जॅकपॉटच्या गेममध्ये तर हा भाग आणखी मोठा असतो.

आणि ‘दर तीन-चार स्पिनला काही ना काही लागतंच’ असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. पुढच्या वेळी, म्हणजे पुढची वेळ आलीच तर, लागलं म्हणजे किती लागलं ते पाहा. एक डाव लावून चार दशांश परत आले की दिवे लागतात, नाद होतो, आकडे नाचतात. हिशेबात मात्र तो सहा दशांशांचा तोटा असतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या माइक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की जिंकल्याच्या वेषातल्या या तोट्यांना खेळणाऱ्याचं शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतं. ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये असल्या तोट्यांवर जल्लोषाचे आवाज-चित्रं दाखवायला बंदी केली, आपोआप फिरणारे स्पिन बंद केले आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद ठेवायला लावले. तुमची शिल्लक घटते आणि तरी जिंकल्यासारखं वाटतं, यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही.

जाहीर आकडा खरोखर फसवा ठरतो अशा जागाही आहेत, त्या सांगते. बरेच गेम बनवणारे एकच गेम अनेक आवृत्त्यांमध्ये देतात. नाव तेच, चित्रं तीच, संगीत तेच, पण एका आवृत्तीत ९६, दुसरीत ९४, तिसरीत ९१ किंवा त्याहूनही कमी. कुठली लावायची ते साइट ठरवते. गेमची ओळख करून देणाऱ्या लेखांत सहसा वरचा आकडा छापलेला असतो. खरा आकडा तुम्ही खेळताय त्याच साइटवर, त्याच गेमच्या माहितीच्या किंवा नियमांच्या पानावर असतो. तुमचे ९६ तिथूनच घेतलेत ना? कारण ९६ आणि ९१ मधला फरक ऐकायला पाचाचा वाटतो, पण घराचा वाटा ४ वरून ९ वर जातो, म्हणजे दुपटीहून जास्त.

परवाना नसलेल्या साइटवर तर आकड्याला अर्थच नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या गेमच्या नकला अशा ठिकाणी सापडल्या आहेत. हुबेहूब तशाच दिसतात, आतलं गणित कुणाचं ते देव जाणे. परवान्याचा क्रमांक साइटच्या तळाशी लिहिला आहे म्हणून विश्वास ठेवू नका. तो देणाऱ्या नियामकाच्या स्वतःच्या नोंदवहीत जाऊन शोधा आणि साइटचा पत्ता तिथे जुळतो का ते पाहा. तुम्ही राहता तिथे हा खेळ कायद्याने चालतो का, हे तर सगळ्यात आधी. आणि माझ्या मते, अशा ठिकाणी फसवणूक स्पिनमध्ये होण्यापेक्षा पैसे काढताना जास्त होते. कागदपत्रं पुन्हा पाठवा, आणखी एवढे खेळा मग मिळतील, आज सर्व्हर बंद आहे. जिंकलेली रक्कम हातात येत नसेल तर आरटीपी शंभर असून काय करायचं?

साइट खेळायला म्हणून देते त्या बोनसचंही तसंच. १०० डावांचा बोनस मिळाला आणि अट ३५ पट खेळण्याची असेल, तर ३,५०० डाव लावावे लागतात. ९६ टक्क्यांच्या गेमवर त्यात सरासरीने १४० जातात. १०० मिळवायला १४०.

आता खिशाकडे येते. आरटीपी मोजला जातो तो लावलेल्या एकूण रकमेवर. खिशातून घातलेल्या रकमेवर नव्हे. तुम्ही ६,४०० डाव लावलेत, पण तेवढे खिशातून काढले नसणार. जिंकलेलेच पुन्हा लावत गेलात. तुमच्या साइटवरच्या खात्यात आज शून्य असेल आणि मधे तुम्ही काही काढून घेतलं नसेल, तर खिशातून गेले ते सगळे ७६८ आणि परत आले शून्य. वहीत ८८ टक्के परतावा आणि खिशात शून्य टक्के, दोन्ही एकाच वेळी खरं. ‘८८ टक्के परत आले’ हे वाक्य तुम्ही पाच महिने स्वतःला सांगत असाल, तर कृपा करून त्याच्याशेजारी हे दुसरंही लिहा.

म्हणून साइट बदलू का, या प्रश्नाला माझं उत्तर आहे: नको. चांगली साइट शोधल्याने ९ चे ४ होतील, ४ चे शून्य कधीच होणार नाहीत. मी तुम्हाला थांबायला सांगतेय. हक्क आहे म्हणून नाही, पण तुम्ही विचारलंत आणि मला मनापासून तसंच वाटतं. मजा म्हणून ठरलेली रक्कम घालवणारा माणूस गेलेल्या टक्क्यांना ‘माझे राहिलेले’ म्हणत नाही. गेलेलं परत आणण्यासाठी खेळणं हे पुढे हाताबाहेर जाणाऱ्या खेळाचं ओळखीचं लक्षण आहे. लपवणं हे दुसरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार हा वेगळा आजार म्हणून नोंदलेला आहे, त्याच्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. तुम्हाला तो आजार आहे असं मी म्हणत नाही, एका पत्रावरून ते कुणालाच म्हणता येणार नाही. पण आठवडाभर थांबून पाहा. थांबणं जमलं नाही, झोप उडाली, चिडचिड झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या समुपदेशकाला भेटा. परवानाधारक साइटवर स्वतःला ठरावीक काळासाठी बंद करून घेण्याची सोय असते. ती आजच वापरा. मन ठाम असतानाच दार लावून घेतलेलं बरं, रात्री अकरा वाजता ते जमत नाही.

राहिली वही. ती फाडू नका. अशी नेटकी वही ठेवणारा माणूस स्वतःशी खोटं बोलू इच्छित नाही, हे तिच्यावरून मला कळतं, आणि म्हणूनच मी एवढं लांब लिहिलं. शेवटच्या पानावर टक्केवारी खोडा आणि खिशातून गेलेली रक्कम लिहा. नेमका आकडा, तुमच्या खऱ्या चलनात. मग ती वही बायकोसमोर ठेवा. समजावून सांगायची तयारी करून बसू नका. आरटीपी, सरासरी, हेलकावा, यातलं काहीही तिला आधी सांगू नका. ती रागावेल, कदाचित बोलणार नाही, कदाचित तुम्हाला वाटतं त्याहून बरंच काही तिच्या आधीच लक्षात आलेलं असेल. तिला पहिलं पान उघडू द्या आणि तिने विचारेपर्यंत थांबा. पुढच्या महिन्यापासून घरातले पैसे कसे सांभाळायचे ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. काही दिवस खात्याचा ताबा तिच्याकडे असू द्यायला सांगितलंत तर त्यात कमीपणा नाही.

आणि मला कळवा. आकडे पाठवले नाहीत तरी चालेल, ती काय म्हणाली तेवढं लिहा.

तुमची,
ताई